हळू आवाजात वाजणारं हाय-फाय: यामाहा ए-एस३०१ आणि क्यू अकॉस्टिक्स ३०२०आय, एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर

नव्याचे नऊ दिवस कधीच सरले. मे महिन्याचा घाम झाला, जुलैची ओल झाली, आता सेट घरातलाच एक झालाय, म्हणून लिहायला बसलो.

सेट असा आहे: यामाहाचा ए-एस३०१ अॅम्प्लिफायर, क्यू अकॉस्टिक्सचे ३०२०आय बुकशेल्फ स्पीकर आणि फोनवरून चालवता येणारा, इंटरनेटवरची गाणी वाजवणारा एक छोटा स्ट्रीमर. केबल आणि स्टँड धरून सगळं लाखाच्या आत बसलं. घर माहीमला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल दहा बाय चौदाचा, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात, आणि हॉलच्या भिंतीपलीकडे आईची खोली. मी मुख्यतः शास्त्रीय ऐकतो, त्यातही गायन जास्त. जोडीला नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं.

मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं सेट निवडताना तो मोठ्यानं कसा वाजतो ते बघू नये, हळू कसा वाजतो ते बघावं. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण दुकानात नेमकं उलटं होतं. मी जिथे जिथे डेमो ऐकला तिथे आवाज एवढा ठेवलेला असायचा की शेजारच्याशी बोलायचं तर वाकावं लागायचं. त्या आवाजात जवळजवळ सगळेच स्पीकर छान वाटतात. घरी आपण तसं कधी ऐकणार? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. नियम राहू द्या, वरच्या मजल्यावरच्या काकांना सकाळी साडेचारला उठायचं असतं, हे जास्त महत्त्वाचं.

आवाज कमी केला की गाणं फक्त लहान होत नाही, ते पातळ होतं, कारण आपला कान तसा घडलाय. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या आलेखांप्रमाणे १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका ऐकू येतो, तितकाच १०० हर्ट्झचा स्वर ऐकू यायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. मोठ्या आवाजात ही तफावत बरीच कमी होते. म्हणजे रात्री आवाज खाली आणला की पहिला बळी तबल्याचा बाया (म्हणजे डग्गा) आणि तंबोऱ्याचा खर्ज यांचा जातो. गळा ऐकू येतो, पण त्याच्याखालची जमीन निघून जाते.

ए-एस३०१ घेतला तो यासाठी. याच्यावर लाउडनेसचा फिरता नॉब आहे. चालू-बंद बटण नव्हे, हळूहळू फिरवता येणारा नॉब. वापरायची रीत अशी: लाउडनेस 'फ्लॅट'वर ठेवायचा, व्हॉल्यूम आपल्याला जास्तीत जास्त जेवढा हवा तेवढा लावायचा, आणि मग आवाज कमी करायचा तो व्हॉल्यूमनं नाही, लाउडनेसच्या नॉबनं. हा नॉब मधल्या पट्टीचा आवाज खाली आणतो, त्यामुळे खर्ज आणि वरची चमक त्या मानानं टिकून राहते. कानाची जी उणीव वर सांगितली, तीच भरून निघते. बऱ्याच लोकांकडे हा अॅम्प आहे आणि नॉब वर्षानुवर्षं फ्लॅटवरच उभा आहे. कृपा करून एकदा वापरून बघा. एक लक्षात ठेवा, 'प्युअर डायरेक्ट' हे बटण दाबलेलं असेल तर टोन, बॅलन्स, लाउडनेस सगळेच बाजूला होतात आणि नॉब कितीही फिरवला तरी काही घडत नाही.

फरक कुठे कळतो ते एका जागेवरून सांगतो. विलंबित ख्याल सुरू आहे, गायक अजून मंद्रात आहे, आणि तबलजी बायावर मनगट दाबून घसीट देतो, म्हणजे सूर ओढत नेतो. नुसता व्हॉल्यूम कमी केला की त्या जागी एक बोथट 'धप्' ऐकू येतो. लाउडनेस लावून तेवढ्याच आवाजात ऐकलं की घसीट कुठून निघाली, किती वर गेली आणि कुठे सुटली, हे कळतं. तंबोऱ्याचं तसंच. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो. ३०२०आयची खालची मर्यादा कंपनी ६४ हर्ट्झ सांगते, तीही तिथे आवाज ६ डेसिबलनं उतरलेला धरून. म्हणजे खर्ज अगदी काठावर बसतो. तरी जवारी मात्र सुरेख ऐकू येते, कारण जवारी म्हणजे त्या तारेचे वरचे स्वरांश, आणि ते या स्पीकरचा २२ मिलिमीटरचा ट्वीटर (वरच्या सुरांसाठीचा छोटा पडदा) फार मऊ हातानं दाखवतो. माझ्याकडे रात्री साडेअकरानंतर भीमसेनजींचा एखादा मारवा लागला की आई आतून विचारते, "आज तंबोरा कोणी जुळवलाय रे?" तिला सेटमधलं काही कळत नाही, पण सुरातलं पक्कं कळतं.

स्पीकर जागेवर बसवायला मात्र वेळ द्यावा लागला. पेटी छोटी दिसते, पण तिची खोली २८ सेंटिमीटर आहे आणि पोर्ट, म्हणजे हवा जायचं भोक, मागे. टीव्हीच्या युनिटवर भिंतीला टेकवले तेव्हा बाया सैल वाजायचा, त्याच्या प्रत्येक 'गे' या बोलाला शेपूट फुटायचं. सोबत फोमचे बुच येतात, ते मागच्या पोर्टमध्ये बसवले की हे बरंचसं आटोक्यात येतं. पुढे कुर्ल्याच्या एका वेल्डरकडून ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असे लोखंडी स्टँड करून घेतले, भिंतीपासून वीतभर पुढे आणले आणि एका बाजूचा बुच काढला. दुसरा स्पीकर कोपऱ्याजवळ आहे, त्याचा बुच तसाच आहे. हे पुस्तकी नाही, पण आमच्या हॉलला हेच मानवलं.

हॉलमधल्या लोखंडी कपाटाचा उपद्रव वेगळाच. ठरावीक पट्टीतला बाया वाजला की त्याचं हँडल झणझणायचं. मला आधी स्पीकरचा कोन (आतला पडदा) फाटला असं वाटून धस्स झालं. कान लावून शोधलं, हँडलच्या मागे फेल्टचा तुकडा चिकटवला, आवाज गेला. नव्या स्पीकरमधून खरखर येत असेल तर आधी घरातल्या काचा, ताटाळं आणि कपाटं बघा.

केबलवर फार पैसे घालू नका. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाडजूड तांब्याची साधी वायर मीटरवर मिळते, बनाना प्लगही तिथेच. दोन-तीन मीटरच्या अंतराला तेवढं पुरतं.

पंखा हा मुंबईतल्या श्रोत्याचा खरा वैरी. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं अशक्य, आणि पूर्ण वेगातल्या पंख्याखाली आलापीतली विरामाची जागा भरून जाते. यावर सेट काही करू शकत नाही. पंखा दोनवर, टेबलफॅन लांब कोपऱ्यात, अशी काहीतरी तडजोड करतो. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद झाला की तीच रेकॉर्डिंग्ज नव्यानं ऐकावीशी वाटतात.

समुद्र जवळ असल्यानं पावसाळ्याची धास्ती होती. स्वस्तातल्या प्लगवर हिरवट थर आला, ते बदलून टाकले. अॅम्प रोज तासभर तरी लावतो, त्याच्या उबेनं आत ओल धरत नाही. सीडींच्या कागदी कव्हरांवर बुरशी आली, ती सगळी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली.

स्ट्रीमरनं मात्र छळलं. नाव घेत नाही, पण वाय-फायवर तो ऐन समेवर तुटायचा. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात राउटर, त्यामुळे हवेत गर्दीच गर्दी. शेवटी दाराच्या चौकटीवरून लॅन केबल ओढली आणि तो प्रश्न मिटला. तुमच्याकडे लॅनची सोय नसलेला स्ट्रीमर असेल तर घेण्याआधी विचार करा. स्ट्रीमरमधून कोअॅक्सियल केबलनं थेट अॅम्पमध्ये डिजिटल जातं, डिजिटलचा पुन्हा आवाज करणाऱ्या अॅम्पच्या आतल्या डॅकवर मी समाधानी आहे.

आता हाय-रेझोल्यूशनबद्दल, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापाच्या फायलींबद्दल, कारण हे सगळे विचारतात. सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माप २० हजार हर्ट्झच्या वर पोचतं, माणसाचा कान तिथेच थांबतो, आणि माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्याचा त्याच्या बराच आधी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फायलींनी माझ्या ऐकण्यात फरक पडला नाही. फरक पडतो तो मूळ तबकडीवरून नक्कल कशी केली यानं. केसरबाई केरकरांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या दोन वेगवेगळ्या डिजिटल प्रती माझ्याकडे आहेत. एकीत खरखर इतकी घासून काढलीय की तिच्याबरोबर तंबोरा आणि आवाजाची धारही गेली, बाई जणू गोधडीतून गातायत. दुसरीत खरखर आहे तशी आहे, आणि तीन मिनिटांत केसरबाईंचा तो भरदार, सरळ लागलेला 'आ'कार अंगावर येतो. या स्पीकरवर हा भेद लपत नाही. किशोरीताईंच्या काही नव्यानं काढलेल्या प्रतींत हळू आणि मोठ्यातलं अंतर दाबून सगळं एकसारखं मोठं केलंय. त्यांच्या गाण्यात पुकार आधी कुजबुजीतून वर येते, तीच वाट बुजवली तर उरतं काय? जुन्या सीडी सापडल्या तर सोडू नका. काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ साली बंद झालं, त्यानंतर निवांत उभं राहून चाळता येईल अशी जागा मला तरी मिळालेली नाही.

टीव्हीही याच अॅम्पला जोडलाय. आधी साध्या आरसीए केबलनं जोडला तर स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची. केबलवाल्याच्या वायरीतून अर्थिंगचा गोंधळ आत येत होता. ऑप्टिकल केबल घातली, तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे गुणगुण थांबली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' या साध्या डिजिटल पद्धतीवर ठेवावा लागतो, नाहीतर अॅम्पमधून काहीच येत नाही.

तक्रारी दोन. लाउडनेस रिमोटवर नाही, उठून जावं लागतं, आणि या अॅम्पचा सगळ्यात कामाचा नॉब तोच आहे. दुसरी तक्रार स्पीकरची: मोठा वाद्यवृंद किंवा ढोलकी-हलगीचं जोरकस काही लावलं तर ३०२०आय दम टाकतो. तुमचं ऐकणं मुख्यतः तसं असेल तर याच घराण्यातला मोठा ३०३०आय ऐकून बघा.

अॅम्पला सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) जोडायची जागा आहे आणि दोन मित्र सारखे मागे लागलेत की घेऊन टाक. नाही घेणार. खालच्या घरात तान्हं मूल आहे, आणि ४० हर्ट्झचा आवाज स्लॅबला जुमानत नाही. त्या पैशांत खिडकीला जाड पडदे आणि जमिनीवर सतरंजीऐवजी बरा गालिचा घेतोय, टाळी वाजवली की हॉल अजूनही घुमतो.