स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं ४८ तासांचं टूरिस्ट कार्ड: शनिवार-रविवारसाठी घ्यावं का?

आधी निकाल. विमानाने येणाऱ्याचे पैसे या कार्डात जेमतेम वसूल होतात. माद्रिद किंवा बार्सिलोनाहून रेल्वेने येणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नाशिकहून युरोपात शिकायला गेलेल्या मुलांच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तर येतं, ‘घेऊन टाक, सगळं फुकट आहे.’ सगळं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू.

कार्ड २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं. त्यात मेट्रो, ट्राम आणि ईएमटीच्या शहर बस कितीही वेळा वापरता येतात आणि विमानतळाची मेट्रोही धरलेली आहे. महापालिकेची संग्रहालयं आणि स्मारकं फुकट, बाकी ठिकाणी थोडीफार सवलत. ४८ तासांचं कार्ड २० युरोच्या आसपास पडतं. विद्यार्थी म्हणून वेगळा दर नाही, कॉलेजचं ओळखपत्र इथे कामाचं नाही.

आता हिशोब मांडू. विमानतळ ते शहर मेट्रोचं सुटं तिकीट ५ युरोच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन १०. आल्बुफेरा तळ्याला बसने जाऊन-येऊन ३-४ युरो. समुद्रावर एकदा आणि रात्री मुक्कामी परतताना एक-दोनदा गाडी धरली तर आणखी ५-६. बेरीज २० च्या आगेमागे, म्हणजे बरोबरी. यातले विमानतळाचे १० काढले की कार्ड तोट्यात. मग मेट्रोच्या मशीनवर ‘सुमा १०’ हे प्रवासाचं कार्ड भरून घ्यावं. एका झोनच्या दहा फेऱ्या ८ युरोच्या वर जात नाहीत आणि मेट्रो, ट्राम, बस तिन्हीकडे चालतात.

कार्ड घेणारे फसतात ते तासांत. घड्याळ सुरू होतं पहिल्यांदा कार्ड टेकवल्यावर आणि मोजणी दिवसांची नाही, तासांची असते. शुक्रवारी रात्री ९ वाजता उतरून मेट्रो धरली तर कार्ड रविवारी रात्री ९ पर्यंत चालतं, उत्तम. पण शुक्रवारी दुपारी ४ ला उतरलात आणि रविवारी संध्याकाळी ६ ला विमानतळाकडे निघालात, तर कार्ड दोन तास आधीच संपलेलं असतं आणि परतीचं तिकीट पुन्हा खिशातून. दुसरी गोष्ट म्हणजे इथल्या मेट्रोत बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं. विमानतळ वेगळ्या झोनमध्ये आहे. शहरापुरतं भरलेलं सुमा घेऊन तिथे उतरलात तर दार उघडत नाही आणि मागे बॅगा घेऊन रांग तुंबते.

‘संग्रहालयं फुकट’ हे वाचायला भारी वाटतं. ला लोन्हा ही रेशमाची जुनी बाजारपेठ १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पिळलेल्या दोरखंडासारखे तिचे उंच दगडी खांब बघायलाच हवेत. पण तिकीट आहे २ युरो आणि रविवारी तेही नाही. तोरेस दे सेरानोस या जुन्या वेशीचंही तसंच. म्हणून ही दोन ठिकाणं रविवारी सकाळी १० वाजता गाठा. रविवारी दारं दुपारी २ ला बंद होतात, त्यामुळे जेवून जाऊ म्हणणारे हुकतात. मेर्कादो सेंत्राल या १९२८ सालच्या मंडईचं उलटं: रविवारी बंद, शनिवारी सकाळी साडेसात ते दुपारी ३. तेव्हा शनिवारी मंडई, रविवारी लोन्हा. दोन्ही समोरासमोर असूनही एका फेरीत उरकायच्या मागे लागू नका. कॅथेड्रलचा मिगेलेते मनोरा २०७ पायऱ्यांचा. गोल जिना अरुंद, सॅक पाठीवर असेल तर उतरणाऱ्यांशी टक्कर ठरलेली.

सगळ्यात चांगली गोष्ट कार्डाशिवायच मिळते, ती म्हणजे तुरिया बाग. गोदावरीला पूर आला की ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?’ हे विचारत वाढलेल्या नाशिककराने ती चुकवू नये. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदीने शहर बुडवलं. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली आणि मोकळ्या पडलेल्या जुन्या पात्रात सुमारे ९ किलोमीटरची बाग केली. जुने दगडी पूल जागेवर आहेत, त्यांच्या कमानीखालून पाण्याऐवजी सायकली जातात. गोदाघाटावरून होळकर पूल पाहताना पाणी नाही अशी कल्पना करा, तसं. २९ ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात या नव्या पात्रामुळे मूळ शहर वाचलं, पण त्याच्या पलीकडची दक्षिणेची गावं उद्ध्वस्त झाली. बागेतून समुद्राकडे चालत गेलं की सान्तियागो कालात्रावा या वास्तुविशारदाने बहुतांशी रचलेलं सिटी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस हे संकुल लागतं. बाहेरून फिरणं, फोटो काढणं फुकट. आतलं मत्स्यालय ३० युरोच्या वर आहे आणि कार्डावरची सवलत त्या मानाने किरकोळ. दोनच दिवस असतील तर मत्स्यालय सोडा, ते पैसे पायेया या इथल्या भातासाठी ठेवा.

पायेयाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण चुकीच्या जागी खाल्ला तर तो महागडा पिवळा भात ठरतो. तो दुपारचा पदार्थ, २ ते ४ मध्ये खायचा. बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात. अस्सल व्हॅलेन्सियाचा पायेया समुद्री माशांचा नसून कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो हे पांढरे मोठे वाल यांचा असतो. त्यात कांदा नसतो. लासलगावच्या जिल्ह्यातून आलेल्याला हे पचायला जड जाईल, पण कांद्याने तांदूळ मऊ पडतो यावर तिथली माणसं हमरीतुमरीवर येतात. तांदूळ पडल्यावर ढवळायचं नाही, हा दुसरा नियम. पसरट लोखंडी कढईत भाताचा थर जेमतेम बोटभर, तळाला खरपूस लागतो तो ‘सोकारात’. आपल्याकडे पातेल्याच्या तळाची खरवड पोरं भांडून खातात, तीच. बोंबा जातीचा तांदूळ रस्सा भरपूर पितो आणि तरी दाणा मोकळा राहतो. इगतपुरीकडच्या इंद्रायणीने हा पदार्थ जमणार नाही, त्याची लगदी होईल.

ओळख सोपी आहे. दारात दहा प्रकारच्या पायेयांचे छापील फोटो लावलेत आणि ताट दहा मिनिटांत आलं, तर ते फ्रीजरमधलं. तांदूळ शिजायलाच १८-२० मिनिटं लागतात. भडक पिवळा असेल तर केशर नाही, रंग आहे. आल्बुफेराच्या काठचं एल पाल्मार हे गाव याच पदार्थासाठी ओळखलं जातं. २४ नंबरची बस तिथे जाते, जेवणाचे माणशी १५ ते २० युरो धरा. बस वारंवार नाही. परतीची वेळ उतरतानाच थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, नाहीतर तळ्यावरच्या सूर्यास्तापायी टॅक्सीचं भाडं बसेल.

शाकाहाऱ्यांनी ‘पायेया दे वेर्दुरास’ मागावा, पण तेवढ्यावर थांबू नये. भाजी वर दिसते, रस्सा कोंबडीचा असू शकतो. ‘काल्दो दे कार्ने?’ (मांसाचा रस्सा आहे का?) असं विचारून घ्या. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तर हॅम किंवा ट्यूना चालतो असा समज होतो. तीन शब्द पाठ करा: कार्ने (मांस), पेस्कादो (मासे), हामोन (हॅम). तिन्ही नको म्हणून सांगा. पाणी मागताना ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणा. नळाचं पाणी फुकट द्यावं असा २०२२ पासून कायदा आहे. चव जड लागते, पण बाटलीचे पैसे वाचतात.

ओर्चाता नक्की प्या. आपल्या शेतात लव्हाळा उपटता उपटत नाही, त्याच कुळातल्या चुफा नावाच्या कंदाचं हे थंडगार पेय, दुधाशिवायचं. सोबत फार्तोन नावाचा लांबट गोड पाव, बुडवून खायचा. बाटलीतली नको, आल्बोराया गावची ताजी बघा. मालवारोसाचा किनारा रुंद आणि स्वच्छ. तिकडे ४ नंबरची ट्राम जाते. पाण्यात उतरताना फोन-पाकिटाजवळ एकाने बसावं. वालेनबिसीच्या सार्वजनिक सायकलींचा अल्पमुदतीचा पास आठवड्याचा असतो, शिवाय कार्डावर अनामत अडकते. दोन दिवसांसाठी खासगी दुकानातली भाड्याची सायकल बरी. १५ ते १९ मार्चला फायास उत्सव असतो. पाहण्यासारखा आहे, पण खोल्यांचे दर तेव्हा विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतात.

कागदपत्रांत एकच मेख. जर्मनी-फ्रान्ससारख्या शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) देशाचा चालू निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र परवान्यासोबत मूळ पासपोर्ट जवळ हवा. इंग्लंड किंवा आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांना शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. काही स्वस्त विमानकंपन्या बिगर-युरोपीय प्रवाशांना सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागदपत्रं दाखवायला लावतात, आणि ते काउंटर विमानाच्या बऱ्याच आधी बंद होतं.