घरातली छोटी रेल्वे: एन गेजचा फेरा की एचओचं शंटिंग यार्ड?

८ × ४ फुटांचा अख्खा प्लाय ठाण्यातल्या बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. जिन्याने वर नेलाच, तरी दिवाण आणि कपाट असलेल्या १० × १० च्या खोलीत तो भिंतीला टेकून उभा राहतो, आडवा काही पडत नाही. मॉडेल रेल्वेच्या परदेशी पुस्तकांत एचओ या मोठ्या मापातला पहिला लेआउट (रुळांची मांडणी) म्हणून नेमका हाच आकार सुचवलेला असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. घोडबंदर रोड असो की कोपरखैरणे, आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खरे पर्याय दोनच: ७ × २.५ फुटांच्या फ्लश डोअरवर एन या लहान गेजचा गोल फेरा, किंवा भिंतीलगतच्या ६ × १ फुटाच्या फळीवर एचओचं शंटिंग यार्ड (वॅगनी जुळवायचं आवार). एचओचा गोल फेरा छोट्या खोलीत करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येतंच.

आधी मापं

एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीचा ८७ वा भाग) आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या एलएचबी डब्याची बॉडी २३.५४ मीटर लांब. ती एचओत २७ सेंमी होते, एनमध्ये १४.७ सेंमी. १२ डब्यांची लोकल एचओत जवळपास २.९ मीटर, म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एनमध्ये तीच १.६ मीटरमध्ये मावते.

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी असल्यामुळे एचओत ती १९.३ मिमी भरायला हवी. म्हणून १६.५ च्या रुळांवरचं आपलं इंजिन समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बाजूने पाहताना हे कळतही नाही. भारतीय रेल्वेची तयार मॉडेलं बहुतेक एचओतच निघतात. एनमध्ये मुख्यतः जपानी, युरोपीय आणि अमेरिकी गाड्या मिळतात, त्यामुळे आपल्या रंगातली गाडी हवी असेल तर रंगकाम आणि डिकॅल (चिकटवायची अक्षरं-चिन्हं) स्वतः करायची तयारी ठेवावी लागते. नेरळ–माथेरानची गाडी करायची असेल तर ६१० मिमीचा नॅरोगेज १:८७ मध्ये ७ मिमी होतो. तिथे एनचाच ९ मिमीचा रूळ वापरून वर एचओच्या मापाची बॉडी बसवतात. थोडं रुंद दिसतं, पण चालून जातं.

वळण: निर्णय इथेच होतो

ढोबळ नियम असा: वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या दुप्पट असेल तर गाडी कशीबशी जाते, अडीचपट असेल तर भरवशाने जाते, तिप्पट असेल तर बघायलाही बरी वाटते. एचओतल्या एलएचबीला अडीचपट म्हणजे ६७.५ सेंमी. नुसता व्यासच १.३५ मीटर झाला, बोर्ड पाच फूट रुंद लागला. ४ फुटी बोर्डावर जेमतेम ५०५ मिमीचं वळण बसतं, आणि त्याच्या आत दुसरी लाइन टाकली तर ती ४३८ ची.

डबा वळणावर आतल्या बाजूला किती सरकतो, हे हिशोबाने काढता येतं: बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या) मध्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. एलएचबीत हे अंतर १४.९ मीटर आहे, एचओत १७१ मिमी. त्रिज्या ४३८ धरली तर डब्याचा मधला भाग ८.३ मिमी आत येतो. प्लॅटफॉर्म, सिग्नलचा खांब, शेजारच्या लाइनवरची गाडी, कशालाही तो घासू शकतो. एनमध्ये २८२ च्या वळणावर हाच आकडा ३.८ मिमी.

दुसरी चूक इंग्रजी ‘एस’सारख्या वळणाची. एक वळण संपून लगेच उलटं वळण सुरू झालं की दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) हलका डबा रुळाबाहेर खेचतो. दोन्ही वळणांमध्ये किमान एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवायचाच.

दारावरचा एन

काटो या जपानी कंपनीच्या तयार तुकड्यांचा हिशोब २.१ × ०.७६ मीटरच्या दारावर चोख बसतो. बाहेरच्या लाइनला आर ३१५ चे (त्रिज्या ३१५ मिमी) ४५ अंशांचे ८ तुकडे आणि २४८ मिमीचे १० सरळ. आतल्या लाइनला आर २८२ चे ८ आणि तेवढेच सरळ. दोन लाइनींमधलं अंतर आपोआप ३३ मिमी येतं. बाहेरचा फेरा ४.४६ मीटरचा. ताशी ६० किमीच्या प्रमाणात गाडी चालवली तर एक फेरा साधारण ४३ सेकंदांत होतो. त्याहून फार भरधाव सोडली की लगेच खेळणं वाटायला लागतं. सरळ भाग १.२४ मीटरचा असल्यामुळे इंजिन आणि सहा एलएचबी डबे एवढीच गाडी प्लॅटफॉर्मला नीट लागते. पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारे रूळ) घेताना ४ नंबरऐवजी ६ नंबरचे घ्या. त्यांची त्रिज्या ७१८ मिमी आहे, ४ नंबरची ४८१.

दारावर उड्डाणपूल करायचा मोह टाळा. खालून गाडी जायला ५ सेंमी उंची लागते. दर मीटरला २ सेंमी चढ धरला तर चढायला अडीच मीटर आणि उतरायला अडीच मीटर. अख्खा फेराच साडेचार मीटरचा आहे!

देखावा मात्र एनलाच शोभतो. फेऱ्याचा मागचा भाग डोंगराखाली लपवला की गाडी खरोखर कुठेतरी गेल्यासारखी वाटते. १९१६ चा पारसिक बोगदा सुमारे १.३ किमी लांब आहे. १:१६० मध्ये तोही आठ मीटरच्या वर जाईल, तेव्हा तोंड तेवढं पारसिकचं करावं आणि पुढे खाडीची खारफुटी लावावी.

एक सूचना: आपल्याकडचं फ्लश डोअर बहुतेक वेळा आतून भरीव असतं. ते उचलायला दोन माणसं लागतात. पलंगाखाली सरकवायचं असेल तर आधी चाकं लावा.

फळीवरचा एचओ

इथे गाडी फिरत नाही, वॅगनी लावायच्या असतात. ॲलन राइट यांची ‘इंगलनुक’ ही रचना याच कामासाठी आहे: तीन साइडिंग (वॅगनी उभ्या करायच्या लाइनी), एकीत पाच वॅगन, बाकी दोहोंत तीन-तीन, आणि शंटिंग नेकमध्ये (इंजिन मागे-पुढे करायच्या लाइनीत) इंजिन अधिक तीन वॅगन. आठ वॅगनींपैकी पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या. क्रम ६७२० प्रकारचे होतात. संध्याकाळचा अर्धा तास यात सहज जातो.

बॉक्सएन ही उघडी मालवाहू वॅगन १०.७ मीटरची, एचओत १२.३ सेंमी. डिझेल इंजिन २० सेंमी. नेक ५७ सेंमी, पेको कंपनीचा लहान पॉइंट १८.५ सेंमी, पाच वॅगन ६१.५ सेंमी. बेरीज १.३७ मीटर. पॉइंटनंतर दोन लाइनी एकमेकींपासून पुरेशा दूर जाईपर्यंतचे १० सेंमी आणि दोन्ही टोकांचे बफर धरले तर दीड मीटरच्या जरा वर. पाच फुटांत ओढाताण होते, सहा फुटांत आरामात बसतं. नेक मात्र मोकळी-ढाकळी ठेवू नका. चौथी वॅगन आत मावली की कोड्यातली सगळी मजा गेली.

कपलर सोडवायला बांबूची कबाबची काडी पुरते. एनमध्ये तीच काडी दोन डब्यांच्या मध्ये घालताना निम्मी गाडी आडवी होते.

वीज

दोन्हीकडे सुरुवातीला साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरे. एकाच लाइनवर दोन इंजिनं स्वतंत्र चालवायची असतील तेव्हाच डीसीसीचा (प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीचा) विचार करा. यार्डात संथ चाल हवी, म्हणून पॉइंटचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) जिवंत, म्हणजे वीज असलेला, असावा. प्लॅस्टिकच्या मृत फ्रॉगवर छोटं इंजिन अडतं. पण जिवंत फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे, पण वीज अडवणारे तुकडे) लागतात. ते विसरलात आणि पलीकडून वायर जोडली, की पॉइंट फिरवताच शॉर्ट. वीज जॉइनरच्या भरवशावर सोडू नका. दर मीटरला एक फीडर (रुळाला वीज देणारी वायर) द्या, खालून १.५ चौरस मिमीची मुख्य वायर न्या. सोल्डर दोन-तीन सेकंदांत उरका, नाहीतर स्लीपर वितळतात.

पावसाळा

एमडीएफ नको, कडेने फुगतो. प्लाय १२ मिमीचा, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा घ्या. कडांसकट दोन्ही बाजूंना रंग द्या. लाकूड ओलीने फुगतं आणि कोरड्या हवेत आवळतं. म्हणून जुलैत सांधे घट्ट मिटवून टाकलेले रूळ फेब्रुवारीत वाकडे झालेले दिसतात. सांध्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. स्टीलचे गंजतात, पितळेचे काळे पडतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. सँडपेपरच्या ओरखड्यांत उलट जास्त घाण बसते. एनची इंजिनं हलकी असल्यामुळे त्यांना धुळीचा त्रास जास्त, आणि रोज गाडी चालवणार नसाल तर हा मुद्दा एचओच्या बाजूने जातो. बॅलास्टसाठी (रुळांखालच्या खडीसाठी) काळ्या दगडाची भुकटी वापरणार असाल तर आधी तिच्यातून चुंबक फिरवा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि ते कण थेट मोटरमध्ये जाऊन चिकटतात.

मग कोणी काय घ्यावं?

गाडी धावताना बघायची असेल, घरात लहान मुलं असतील, तर एन. फक्त अगदी चिमुकल्यांच्या हाती एनचे डबे देऊ नका. भारतीय इंजिनं हवी असतील, जवळून बघायची असतील, चष्मा लागला असेल, तर फळीवरचा एचओ. अजून ठरत नसेल तर एक्सट्रॅककॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढा, मूळ आकारात छापून पानं जमिनीवर चिकटवा आणि आठवडाभर खोलीत तसेच वावरा. कपाटाचं दार उघडतं का, केर काढता येतो का, ते तेव्हाच कळेल. रूळ आणल्यावरही पंधरा दिवस नुसते टेकवून गाडी चालवा. डबा पॉइंटवर घसरत असेल तर रुळाला दोष देण्याआधी व्हर्नियरने चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओत ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. ते जुळल्यावरच फेव्हिकॉलचा डबा उघडा.