जंगल जाणणारी, भरती विसरणारी पक्षिसहल

गोव्यात पक्षी दाखवणाऱ्या सहलींची आता वाण नाही. त्यांतल्या बहुतेकींचे स्वरूप ठरलेले असते: हिवाळी पाहुण्यांना पहाटे हॉटेलवरून उचलायचे, एखाद्या तळ्याकाठी उभे करायचे आणि न्याहारीच्या वेळेला परत आणून सोडायचे. ज्या सहलीविषयी येथे लिहीत आहे ती या साच्यातली नाही. धारबांदोडा तालुक्यातील एक स्थानिक मार्गदर्शक ती चालवतात, सहापेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, आणि मोलेच्या जंगलातून निघून पठारावरच्या सड्यांवरून उतरत चोडणची खारफुटी व मोरजीचा किनारा असा आडवा गोवा दाखवतात. तिचा घाटाकडचा भाग मला अत्यंत समाधानकारक वाटला. किनाऱ्याकडचा भाग मात्र, घेतल्या जाणाऱ्या पैशांच्या मानाने, कच्चा आहे.

मुक्काम मोलेजवळच्या एका कुळागरातील, म्हणजे सुपारी-माडाच्या बागेतील, घरी होता. खोल्या साध्या पण स्वच्छ होत्या. पहाटे उजाडण्यापूर्वी चहा, परत आल्यावर अळसांद्यांचे (चवळीचे) तोणक म्हणजे रस्सा आणि उंडे हे गोल पाव, असा बेत असे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही, तक्रारही नाही.

मोलेच्या भगवान महावीर अभयारण्याचा विस्तार सुमारे २४० चौरस किलोमीटर असल्यामुळे तेथे नवख्या माणसाने स्वतःच्या जोरावर पक्षी शोधणे म्हणजे बहुतांशी पाने पाहत फिरणे होय. सदाहरित जंगलात पक्षी आधी ऐकू येतो आणि मग, नशिबात असल्यास, दिसतो. आमचे मार्गदर्शक चालणे फार कमी ठेवतात, आणि सहलीची खरी किंमत मला येथेच वसूल झाली. भृंगराज पक्ष्याचा आवाज आला की ते सर्वांना जागच्या जागी थांबवत, कारण त्याच्या संगतीने माशीमार, सुतार, नीलपरी यांचा मिश्र थवा किडे टिपत पुढे सरकत असतो आणि आपण स्थिर उभे राहिलो तर तो थवा आपल्याच डोक्यावरून जातो. तांबडी सुर्ल्याला, कदंबकालीन महादेव मंदिराच्या मागच्या ओढ्यालगत, असा एक थवा पाऊण तास आमच्याभोवती होता. गोव्याचा राज्यपक्षी असलेला, माणकासारख्या तांबड्या गळ्याचा पिवळा बुलबुल सर्वांना मनसोक्त पाहता आला तो तेथेच. मलबारी कर्णा (ट्रोगॉन) हा पक्षी त्या मानाने हट्टी निघाला. नर बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बसला आणि छातीचा किरमिजी रंग त्याने उडताना क्षणभरच दाखवला.

बेडूकमुखी पक्ष्याची जोडी दाखवण्याची रीत तर इतर मार्गदर्शकांनी शिकून घ्यावी अशी आहे. हा पक्षी दिवसा हलत नाही. वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा एखाद्या बारीक फांदीवर बसून राहतो, आणि त्याचे बसण्याचे झाड एकदा माहीत झाले की गाड्या भरभरून माणसे तेथे नेण्याचा मोह होतोच. आम्हांला रस्त्यापासून दोन-दोनच्या गटाने आत नेण्यात आले. दुर्बीण तिकाटण्यावर लांबच उभी केलेली होती. तिच्यातून मादीच्या तांबूस पिसांवरचे पांढरे ठिपके, चोचीच्या बुडाशी उभारलेले राठ केस आणि किंचित किलकिला झालेला एक डोळा, इतके सगळे दिसले. मादी एका खेपेला एकच अंडे घालते आणि दिवसा ते नर उबवतो, ही माहिती बाहेर आल्यावर सांगण्यात आली, तेथे उभे राहून नव्हे. गटातल्या एका पाहुण्यांनी मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावता येईल का असे विचारले, तेव्हा मार्गदर्शकांनी नम्रपणे पण स्पष्टपणे नकार दिला. ध्वनिमुद्रित आवाजाला उत्तर देण्यात पक्ष्याची शक्ती आणि विणीचा वेळ फुकट जातो, हे कारण त्यांनी दिले आणि ते योग्यच आहे.

सड्यावर मात्र आम्ही अर्धा तासही थांबलो नाही. जांभ्या दगडाच्या या उघड्या पठारांना लोक माळरान समजून दुर्लक्षितात आणि सहलीनेही तेच केले. मलबारी चंडोल आणि माळटिटव्या गाडीतूनच पाहाव्या लागल्या, याची रुखरुख राहिली.

आता किनाऱ्याविषयी. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे चोडण बेटाच्या टोकाला मांडवीच्या पात्रात असून त्याचा विस्तार जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे. तेथे काय दिसेल हे ऋतूइतकेच पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की टिलवे, तुतवार, चिखले असे चिखलात चरणारे पक्षी त्यावर उतरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे छापील कार्यक्रमात ‘सकाळी आठ, चोडण’ असे कायमचे लिहून ठेवण्याला अर्थ नाही. आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने पोहोचलो तेव्हा पाणी खारफुटीच्या बुंध्यांपर्यंत चढलेले होते. पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या दिसला, एक समुद्री गरुड लांबून गेला, बाकी दोन तास आम्ही पानांकडे पाहत काढले. ज्या माणसाला जंगलातला प्रत्येक आवाज ओळखता येतो त्याने खिशात भरतीचे कोष्टक ठेवू नये, हे अनाकलनीय आहे.

कुंभारजुवे कालव्यातील होडीच्या फेरीला योगायोगाने ओहोटी लाभली आणि फरक लगेच कळला. काठाच्या ओल्या चिखलावर मगरी उन्हाला पडल्या होत्या, काळ्या टोपीचा खंड्या हाताच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ बसला, आणि होडीवाल्यांनी इंजिन वेळीच बंद करून होडी प्रवाहावर सोडल्यामुळे काहीही बिचकले नाही. करमळीच्या तळ्यावर अडईंचे आणि तलवार बदकांचे थवे होते. तेथे कोणीही नेले तरी ते दिसतातच. मोरजीला कुरव आणि सुरय या समुद्रपक्ष्यांचा थवा वाळूवर होता खरा, परंतु पोहोचेपर्यंत किनाऱ्यावर माणसांची वर्दळ सुरू झाली होती आणि कुत्र्यांनी तो दोनदा उठवला.

वनखात्याचे प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क सांगितलेल्या रकमेत धरलेले नाही, हे जागेवर गेल्यावर कळते. ते आधी लिहून कळवायला हवे. वाटेतला संवाद कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सहज चालतो, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना किंवा शाळकरी मुलांना सोबत नेण्यास हरकत नाही. घाटात चढही फारसा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नोंदणी करताना आपल्या तारखांना चोडण येथे ओहोटी किती वाजता आहे ते विचारावे आणि त्यानुसार दिवसांचा क्रम बदलून मागावा. तशी तयारी दिसली नाही, तर घाटापुरतीच सहल घ्यावी. करमळी आणि चोडण एखाद्या रविवारी, कोष्टक पाहून, आपले आपल्यालाही करता येतात.