सतरा सप्टेंबरची तारीख असलेलं पूररेषेचं पत्र

१४ लाख ४९ हजार २४० रुपये. हा आकडा मी आजवर घरात मोठ्याने उच्चारलेला नाही. प्लॉटचे ८,९७,०००, मुद्रांक-नोंदणी-दस्तलेखक मिळून ३१,५००, परवानगीचे कागद आणून देणाऱ्या माणसाला दिलेले १,३४,७४० आणि जोतं-कॉलमवर घातलेले ३,८६,०००. यातले सहा लाख माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेले. दोन लाख दहा हजार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केलेले. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

आमच्या गोदाकाठच्या तालुक्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, त्या माणसाचंही नाही. वकिलांनी तसं बजावलंय. पण पैठणच्या खाली नदीकाठी जिथं जिथं प्लॉट पडलेत, तिथं तिथं असा एक माणूस आहे. लोक त्याला ‘इंजिनीअर’ म्हणतात. शिक्षण, परवाना काय आहे हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मी शाळेत लिपिक आहे. बावीस वर्षं आवक-जावक रजिस्टर लिहितो. हे आधीच सांगतो, कारण वाचणारा म्हणेल की शिकलेला माणूस फसलाच कसा. हाच प्रश्न मी स्वतःला गेले कित्येक महिने रात्री विचारतो.

जून २०२३ मध्ये प्लॉट घेतला, २३ बाय ५०, म्हणजे ११५० चौरस फूट, बायकोच्या नावावर. भाव ७८० रुपये फूट. रस्त्याच्या वरच्या अंगाला चौदाशेचा भाव चालला होता. स्वस्त का, हे मी विचारलं होतं, अगदी स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, “सर, नदीकडचा भाग हाय म्हणून लोक भितात. जायकवाडी झाल्यापासून कुठं पाणी येऊ लागलंय? रेषेचं एक पत्र आणलं की हाच प्लॉट उद्या पंधराशेनं जातोय.” खरेदीखतात ४,६०,००० दाखवले, बाकी ४,३७,००० रोख. सगळे असंच करतात असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. त्या ४,३७,००० चा आज माझ्याकडे कागदाचा एक कपटा नाही. रोख देऊ नका. कुणी कितीही जवळचा असो, देऊ नका.

व्यवहाराच्या आधी जागा बघायला गेलो तेव्हा शेजारच्या मळ्यातले तात्या बांधावर बसलेले होते. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांनी आपणहून हाक मारली. “गुर्जी, हितं पाणी येत असतंय. दोन हजार सहाला ह्या बाभळीच्या शेंड्याला पऱ्हाट्या अडकल्या होत्या.” मी बाभळीकडं पाहिलं. चांगली पुरुष-दीड पुरुष उंच होती. परत येताना ‘इंजिनीअर’ला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हातारं स्वतःच घ्यायला टपलंय तो प्लॉट. भिवून सोडला की स्वस्तात गाठील.” मला ते पटलं. तात्यांनी माझ्याकडून एक रुपया मागितला नव्हता, त्याने माझ्याकडून लाखभर नेले, आणि मी विश्वास त्याच्यावर ठेवला. तात्या मागच्या वर्षी वारले. त्यांची माफी मागायची राहून गेली.

आता त्याने मला कुठल्या नियमात गुंडाळलं ते सांगतो, कारण हेच बोलणं तो दुसऱ्याशीही करणार आहे. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तेव्हा पेपरात आलं होतं की दीड हजार चौरस फुटांच्या आतल्या प्लॉटवर घर बांधायला परवानगीसाठी हेलपाटे नकोत, नकाशा द्या, शुल्क भरा, पावती हीच परवानगी. ही बातमी मीही वाचली होती. त्याने तीच पुढे केली. “तुमचा साडेअकराशे. कामून टेन्शन घेता?” पण ती सवलत मंजूर ले-आउटमधल्या, बांधकामाला मोकळ्या असलेल्या जागेसाठी आहे. पूररेषेतल्या जागेवर बांधायची सूट त्यात कुणाला दिलेली नाही. बातमीचं अर्धं वाक्य खरं होतं, म्हणून उरलेलं अर्धंही मी खरं मानलं.

पूररेषा दोन असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीचा काठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथं बाग, मोकळी जागा, वाहनतळ असलं काही चालतं, घर चालत नाही. निळी ते लाल हे निर्बंधित क्षेत्र. तिथं बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. या रेषा जलसंपदा विभाग, म्हणजे आपलं पाटबंधारे खातं, ठरवतो. हे सगळं आज मला पाठ आहे. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की ‘पाटबंधारेचं पत्र लागतं’.

ते पत्र आणायचे त्याने ६५,००० घेतले. २५,००० फोनवरून, ४०,००० रोख. नकाशा आणि फाईलचे ४८,०००. विकास शुल्क म्हणून २१,७४०, त्याची शिक्क्याची पावती दिली. पावतीवर सुट्टे चाळीस रुपये बघून मला उलट खात्री वाटली. खोटं करणारा गोल आकडा लिहील असं वाटलं. नाही लिहीत. लक्षात ठेवा.

पत्र आणून दिलं २२ सप्टेंबर २०२३ ला. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात पाहुणे, सोळा भाज्यांची गडबड, आणि हा पारदर्शक फोल्डर घेऊन दारात. बायकोने ते पत्र महालक्ष्म्यांपुढं ठेवून हळद-कुंकू वाहिलं. मी संध्याकाळी चष्मा लावून पूर्ण वाचलं. विषय, संदर्भ, गट क्रमांक, जावक क्रमांक, गोल शिक्का, हिरव्या शाईची सही. ‘सदर भूखंड निळ्या पूररेषेबाहेर असून जोते ०.४५ मीटर उंच ठेवण्याच्या अटीवर हरकत नाही.’ आणि वर उजव्या कोपऱ्यात दिनांक : १७/०९/२०२३.

सतरा सप्टेंबर. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. मुक्तिसंग्राम दिन. कचेऱ्यांत झेंडावंदन असतं, टेबलावरचं काम नसतं. आणि त्या वर्षी तर पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेली आणि दिवस रविवारचा. त्या सकाळी मी स्वतः शाळेच्या मैदानात उभा होतो, पोरांच्या रांगा लावत होतो. त्यानंतर पाचव्या दिवशी मी ती तारीख वाचली, बोटाखालून नेली, आणि मला काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या अर्जावर रविवारची तारीख असती तर मी तो अर्ज खिडकीतूनच परत दिला असता. असे किती परत दिलेत आजवर.

घरात सण होता, तीन रात्रींची झोप नव्हती, सही हिरवी होती. ही कारणं मी वकिलांना सांगितली, भावाला सांगितली. ती खोटी नाहीत. पण पत्र त्यानंतर सव्वा वर्ष कपाटात होतं आणि मी ते चार वेळा तरी काढून पाहिलं होतं.

दुसरी गोष्टही त्याच पत्रात होती. ‘जोते ०.४५ मीटर उंच’. कशापासून उंच? नियमात लाल रेषेच्या पातळीपासून आहे. पत्रात तेवढेच शब्द गाळले होते. आम्ही जमिनीपासून दीड फूट धरलं. मिस्त्री म्हणाला, दोन फूट करा. मी दोन फूट केलं आणि मला वाटलं आपण नियमापेक्षा जास्तच केलं.

डिसेंबर २०२४ मध्ये पाया काढला. मेपर्यंत जोतं आणि नऊ कॉलम उभे राहिले. स्लॅब दिवाळीनंतर टाकायचा होता.

२०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. सोयाबीन शेतातच कुजलं, सीना-मांजरेच्या काठची गावं पाण्यात गेली. आमच्याकडं ऐन नवरात्रात, २८ सप्टेंबरला, जायकवाडीचे सगळे सत्तावीस दरवाजे उघडले, विसर्ग तीन लाख क्युसेकच्या वर गेला. आमचे कॉलम पाण्यात गेले. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा जोत्याच्या वर पाच फुटांवर गाळाची रेघ होती. बाभळीला कडबा लटकत होता.

पंचनाम्याला गेलो तर विचारलं, बांधकाम परवानगी कुठाय. पावती दाखवली. नगरपरिषदेत म्हणाले, या क्रमांकाची पावती आमच्याकडं नाही, अशी फाईलच नाही, पाटबंधारेला विचारा. पाटबंधारेच्या उपविभागात एका लिपिक बाईंनी पत्र हातात घेतलं, जावक रजिस्टर उघडलं. तो क्रमांक जुलैतल्या कालव्याच्या पाणी मागणीच्या एका पत्राचा निघाला. मग त्या म्हणाल्या, “दादा, तारीख बघितली नाही का तुम्ही? सतरा सप्टेंबरला कोण सही करतंय?” एक मिनिटही लागलं नाही त्यांना. मला तिथंच खुर्चीवर बसावं लागलं.

ह्या बाई एकट्याच नीट बोलल्या. त्यांच्या वरचे साहेब म्हणाले, पत्र आमचं नाही, त्यामुळे आमचा संबंध नाही. अहो, तुमच्या कचेरीचा शिक्का, तुमच्या अधिकाऱ्याची सही कुणीतरी बनवतो आणि तुमचा संबंध नाही? तक्रार तुम्ही द्या म्हटलं तर “फसवणूक तुमची झाली, तुम्ही द्या.” नोंदणी कार्यालयात म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, जागा बघत नाही. नियमाने ते बरोबरही असेल. मग नदीच्या पात्रात उभं राहून मी प्लॉट विकला तरी नोंदवणार का? उत्तर नाही. नगरपरिषदेने दोन वर्षं त्या प्लॉटचा कर घेतला, वर्षाला १,४६०. पावतीखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की कर आकारणीमुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही. ज्या जागेवर घर होऊच शकत नाही ती जागा यांना दरवर्षी मार्चमध्ये वसुलीला बरोबर सापडते.

पोलीस ठाण्यात सात फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. बनावट शासकीय पत्र हा दिवाणी वाद कसा? मग प्रश्न निघाला की जुना कायदा की नवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून, माझं पत्र २०२३ चं, म्हणजे भारतीय दंड संहितेची ४२०, ४६८, ४७१. हे मला वकिलांनी लिहून दिलं, मी ठाण्यात वाचून दाखवलं. तेव्हा समोरचे म्हणाले, “चारशे एकाहत्तर म्हणजे बनावट कागद वापरणं. वापरला कुणी? तुम्हीच ना?” बायको बरोबर होती. ती त्या दिवसापासून ठाण्यात यायला तयार नाही. अर्ज चौकशीवर ठेवलाय म्हणतात. गुन्हा दाखल नाही.

त्यानंतर नगरपरिषदेची नोटीस आली. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५३, अनधिकृत बांधकाम काढून घ्या. ती मात्र वेळेवर आली, घरी आणून दिली, सही घेतली. ज्याने खोटी पावती फाडली त्याच्याकडं कुणी गेलं नाही. ज्याचे पैसे बुडाले त्याच्या दारात शिपाई.

माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं तिकीट लागतं. अमुक गट क्रमांक पूररेषेच्या कुठल्या क्षेत्रात येतो, अमुक जावक क्रमांकाचं पत्र दिलं आहे का, एवढं विचारा. तीस दिवसांची मुदत आहे, मला उत्तर एकेचाळिसाव्या दिवशी आलं, पण आलं. ‘सदर गट निषिद्ध क्षेत्रात समाविष्ट आहे.’ हे एक वाक्य जून २०२३ च्या आधी माझ्या हातात असायला हवं होतं. दहा रुपयांत मिळालं असतं.

ले-आउटची झेरॉक्स घेऊ नका, कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. मला दिलेल्या झेरॉक्समध्ये नदीकडची बाजू कापलेली होती. खऱ्या नकाशात रेषा तिथंच आहे. ‘एनए (बिगरशेती) आहे’ म्हणजे बांधता येतं असं नाही. कुठल्याही ना-हरकतीचा क्रमांक देणाऱ्या कचेरीत स्वतः जाऊन रजिस्टरला लावून बघा, एजंटला बरोबर नेऊ नका. आणि प्लॉट मे महिन्यात बघू नका. भाद्रपदात जा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, झाडांकडं बघा.

गेल्या महिन्यात त्याच पट्ट्यातले आणखी तिघे सापडले. एक एसटीतले निवृत्त वाहक, एक किराणावाले, एक ताई ज्यांचे यजमान नाहीत. चौघांची पत्रं टेबलावर शेजारी ठेवली. गट एकच, प्लॉट वेगळे, चारही पत्रांवर १७/०९/२०२३, आणि दोन पत्रांवर जावक क्रमांकसुद्धा एकच. ताईंकडून त्याने ९०,००० घेतलेत. येत्या सोमवारी आम्ही चौघं जिल्ह्याला पोलीस अधीक्षक कार्यालयात एकत्र अर्ज देणार आहोत. तुमच्या कपाटात असं पत्र असेल तर आत्ताच काढून तारीख बघा. तीच असेल तर त्याची झेरॉक्स आणि पैसे दिल्याचा जो काही पुरावा असेल तो घेऊन सोमवारी सकाळी अकराला तिथं या.