काचेच्या कौलाखालचा उजेड: सॅम्पलिंगच्या पद्धती आठ महिने वापरल्यावर

नोव्हेंबरात गुहागरच्या एका काकांच्या जुन्या घराचं काम माझ्याकडे आलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि मधे माजघर. माजघराला खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा आत जाताना डोळे सरावेपर्यंत उंबऱ्यावर थांबावं लागतं. काकांनी सरळ विचारलं, "अगं, काचेची कौलं दोन बसवली तर पुरतील की चार लागतील, ते आधी दाखव. वर चढणारा माणूस आता सहज मिळत नाही, एकदाच काय ते करून घ्यायचं."

देखणं चित्र काढून देणं मला जमत होतं. पण इथे चित्रातला उजेड खरा असायला हवा होता, कारण त्यावरून छपराला हात लागणार होता. तेव्हापासून आठ महिने मी दोन गोष्टी रोज वापरते आहे: ब्लेंडर ४.२ या त्रिमितीय चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं सायकल्स, म्हणजे प्रकाशाचा हिशोब करून चित्र काढणारा त्यातला भाग, आणि आत नेमकं काय चालतं ते कळावं म्हणून सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहिलेला छोटा पाथ ट्रेसर, म्हणजे प्रकाशाच्या वाटांचा माग काढत चित्र तयार करणारा प्रोग्राम. या काळात माझं एक मत पक्कं झालं. सॅम्पल, म्हणजे उजेड अजमावायला सोडलेले किरण, किती टाकता याच्या आधी ते कुठे टाकता हे बघावं.

मूळ गणित जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलं. एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूवर सगळ्या दिशांनी पडणाऱ्या प्रकाशाची बेरीज, आणि त्या दिशांकडून येणारा प्रकाशही पुन्हा अशाच बेरजेतून आलेला. ही बेरीज कागदावर सुटत नाही, म्हणून संगणक यादृच्छिक वाटा निवडतो आणि सरासरी काढतो. चित्रात दिसणारे दाणे, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ते या सरासरीतली चूक असतात. आणि ही चूक हट्टी आहे: ती निम्मी करायची तर सॅम्पल चौपट लागतात, पाव करायची तर सोळापट. मी पहिला महिना निव्वळ आकडा वाढवण्यात घालवला. १०२४ वरून ४०९६, रात्रभर लॅपटॉप तापलेला, आणि सकाळी चित्र तसंच वाळू फेकल्यासारखं.

कारण समजलं तेव्हा मी तो हिशोब वहीत लिहून ठेवला. आकाशातला सूर्य आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. जमिनीवरच्या एका बिंदूवरून वरच्या अर्ध्या गोलात कुठेही किरण सोडले, तर सूर्याला लागणारा किरण सुमारे ९२ हजारांत एक. माजघरात तर तो किरण आधी हातभर काचेच्या कौलातून बाहेर पडायला हवा. नशिबावर सोडून हे होणार नाही.

पहिली सुधारणा अगदी साधी. किरण सगळीकडे सारखे न टाकता पृष्ठभागाच्या लंबरेषेजवळ जास्त टाकायचे, कारण तिरका येणारा प्रकाश तसाही कमी मोजला जातो. याला कोसाइन वेटेड सॅम्पलिंग म्हणतात. करायला सोपं: सपाट वर्तुळावर समान वाटप करून बिंदू निवडायचा आणि तो सरळ वर अर्धगोलावर उचलायचा. पण दिशा निवडण्याची पद्धत बदलली की ज्या संभाव्यतेने भागायचं तीही बदलते. ते माझ्याकडून राहिलं होतं आणि सारवलेली जमीन चुकीच्या रंगात दिसत होती. ही चूक पकडून देणारी परीक्षा प्रत्येकाने करावी: सगळीकडून सारखा पांढरा प्रकाश येतोय असं धरा आणि मधे शंभर टक्के प्रकाश परत फेकणारा पांढरा गोळा ठेवा. गणित बरोबर असेल तर गोळा पार्श्वभूमीत पूर्ण विरघळतो. दिसला, म्हणजे कुठेतरी चूक आहे. माझा पहिल्या वेळी स्पष्ट दिसला.

खरा फरक पडला तो प्रकाशाच्या उगमाकडे, इथे सूर्याकडे, मुद्दाम किरण सोडल्यावर, आणि त्याहून जास्त मल्टिपल इम्पॉर्टन्स सॅम्पलिंगमुळे. एरिक वीच आणि लिओनिदास गिबास यांनी १९९५ साली मांडलेली ही कल्पना मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. माजघरात पितळेचा घासलेला हंडा आहे आणि शेजारी सारवलेली जमीन. जमिनीसाठी सूर्याकडे नेम धरून किरण सोडणं फायद्याचं. हंड्यासाठी मात्र प्रतिबिंबाच्या दिशेने सोडणं बरं, कारण चकचकीत पितळ ठरावीक दिशेचाच प्रकाश डोळ्याकडे पाठवतं. कोणती पद्धत कुठे वापरायची हे आधी ठरवायला गेलं तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळा नियम लिहावा लागेल. वीच आणि गिबास म्हणतात, दोन्ही वापरा आणि प्रत्येक सॅम्पलला वजन द्या: ज्या पद्धतीने तो सापडण्याची शक्यता जास्त, तिच्या शब्दाला जास्त मान. कोड पंचवीस-तीस ओळींचा. हंड्यावरचे दाणे आणि जमिनीवरचे दाणे एकाच वेळी बसले.

इथेच माझी सर्वांत मोठी चूक झाली. वजन द्यायचं विसरून मी दोन्ही पद्धतींचा प्रकाश नुसता मिळवला. थेट प्रकाश दोनदा मोजला गेला, माजघर छान उजळ दिसलं आणि मी काकांना "दोन कौलं पुरतील" असं कळवायच्या बेतात होते. जुन्या, संथ पद्धतीने वाचवलं. ज्या पद्धतींमध्ये पक्षपात नाही त्या सगळ्यांची सरासरी शेवटी एकाच आकड्यावर यायला हवी. म्हणून मी फक्त आकाशाचा उजेड ठेवून, लहान आकाराचं चित्र, अगदी भाबड्या पद्धतीने, कुठेही नेम न धरता, रात्रभर चालवलं. सकाळी दोन चित्रांची सरासरी जुळेना. तेव्हापासून ती भाबडी पद्धत मी काढून टाकलेली नाही. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो तशी ती कोडमध्ये आहे.

यादृच्छिक आकड्यांच्या जागी सोबोलची श्रेणी वापरणं हा पुढचा टप्पा. इल्या सोबोल यांची ही श्रेणी १९६७ सालची. नुसते यादृच्छिक बिंदू कुठे गर्दी करतात, कुठे भोकं ठेवतात. सोबोलचे बिंदू जागा नीट वाटून घेतात. सॅम्पलची संख्या दोनच्या घातात ठेवली, म्हणजे २५६, ५१२, १०२४, तर वाटप सर्वांत चांगलं बसतं. कोकणात राहणाऱ्याला याचा आणखी एक उपयोग आहे. जूनमध्ये आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. श्रेणी ठरलेली असल्यामुळे माझा ट्रेसर दर ६४ सॅम्पलनंतर आतापर्यंतची बेरीज आणि श्रेणीतला क्रमांक डिस्कवर लिहितो. लाईट आली की पुढच्या क्रमांकापासून सुरू. पहिल्या पावसाच्या आठवड्यात एकही रात्र फुकट गेली नाही.

आता सायकल्सबद्दल. एवढ्या गुणांचं साधन फुकट आणि खुल्या कोडसह मिळतं याची मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण मूळ सेटिंगवर विसंबून उजेडाचा निर्णय घेऊ नका. अप्रत्यक्ष, म्हणजे कशावरून तरी उसळून येणाऱ्या, प्रकाशाला क्लॅम्प नावाची मर्यादा असते, ती मुळात १० वर ठेवलेली आहे. ती कशासाठी, तर चित्रात मधूनच चमकणारे एकटे पांढरे ठिपके दाबायला. त्यांना फायरफ्लाय म्हणतात, आणि मेच्या अखेरीस झाडांवर काजवे बघणाऱ्या माणसाला हे नाव समजवावं लागत नाही. गोम अशी की ते ठिपके म्हणजे खराच प्रकाश असतो, फक्त थोड्या सॅम्पलमध्ये एकवटलेला. सूर्याची ताकद वास्तवातल्या आकड्यांनी दिली, दर चौरस मीटरला १००० वॉटच्या आसपास, की कवडशावरून उडालेला बहुतेक प्रकाश त्या दहाच्या मर्यादेत कापला जातो. माजघर काळवंडतं. मी क्लॅम्प ० केला, म्हणजे बंद, आणि ठिपक्यांचं मूळ शोधलं.

मूळ काचेत होतं. काच खरी काच म्हणून दिली की सायकल्सच्या सूर्याकडे नेम धरलेल्या किरणांना ती अडवते, आणि सूर्यप्रकाश पुन्हा नशिबावर जातो. उपाय जुना आहे: सूर्याकडे नेम धरलेल्या या किरणांपुरती (त्यांना सावलीचे किरण म्हणतात) काच पारदर्शक करायची. पण पूर्ण पारदर्शक नको. काचेच्या प्रत्येक बाजूवर सरळ येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परावर्तित होतो, म्हणून मी पारदर्शकता ०.९२ धरली. यात एक नुकसान होतं, ते सांगायला हवं. खऱ्या कौलाच्या काचेला वळणं असतात, त्यामुळे जमिनीवरच्या कवडशात उजळ रेघा उमटतात. त्या रेघा या युक्तीत जातात. एकूण उजेड बरोबर राहतो, कवडशाची नक्षी हरवते. मला अजून त्याची रुखरुख आहे.

अॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंग, म्हणजे जिथे दाणे बसले तिथे सॅम्पल टाकणं थांबवणं, वेळ वाचवतं, पण अंधाऱ्या खोलीत जपून. कोठीमागच्या कोपऱ्यात पहिल्या काही सॅम्पलना प्रकाश सापडलाच नाही तर त्याला वाटतं इथे काम संपलं, आणि काळे डाग राहतात. किमान सॅम्पलचा आकडा हाताने वाढवा. मी २५६ ठेवते. पाथ गायडिंग, म्हणजे प्रकाश कुठून येतो हे चित्र तयार होत असताना शिकत जाणं, त्या कोपऱ्यासाठी वरदान ठरलं. ते फक्त सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, चालतं, म्हणून ग्राफिक्स कार्ड गप्प बसून राहतं, पण तेवढ्याच वेळात कोपरा जास्त स्वच्छ येतो. ओटीच्या दाराला पोर्टल, म्हणजे उजेड इथूनच येतो असं सांगणारी चौकट, लावलं, आकाशाचे किरण दारातूनच शोधले जाऊ लागले. तुळशीच्या लग्नासाठी वृंदावनाभोवती पणत्यांचं एक चित्र केलं, तेव्हा अनेक दिव्यांतून कुठल्याकडे किरण सोडायचा ते ठरवणारं लाइट ट्री कामी आलं. एरवी एका सूर्याच्या दृश्यात त्याचा फारसा संबंध येत नाही.

डीनॉइजर, म्हणजे उरलेले दाणे पुसणारा प्रोग्राम, मी शेवटी, फक्त दाखवायच्या प्रतीवर चालवते. रंगाची आणि लंबदिशेची माहिती सोबत दिली नाही तर चिऱ्याची भोकं तो पुसतो आणि भिंत मातीने लिंपल्यासारखी दिसते. मोजमापाच्या प्रतीला तो लावत नाही.

एप्रिलात काकांनी एक कौल काढून तिथे काचेचं बसवलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुहागरला सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसांत, मी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन गेले. दुपारी साडेबाराच्या सुमारास कवडसा माजघराच्या मधोमध सरळ खाली उतरला. कवडशापासून हातभर अंतरावर, ओटीच्या दारापाशी आणि कोठीमागे, अशा तीन जागी मोजलं. पहिल्या दोन जागांचं गुणोत्तर माझ्या चित्राशी जुळलं. कोठीमागे मात्र माझं चित्र बरंच जास्त उजळ होतं.

सॅम्पलिंग बरोबर होतं, भिंत चुकली होती. मी ताज्या सफेदीचा आकडा धरला होता, ८० टक्के प्रकाश परत फेकणारी भिंत. खरी भिंत चुलीच्या धुराने करपलेली. ती ५० टक्के धरली तर तीन उसळ्यांनंतर ५१ टक्क्यांच्या जागी साडेबारा टक्के प्रकाश उरतो, चौथा हिस्सा. कोपऱ्यात पोचणारा उजेड सगळा अशा उसळ्यांवरच जगतो. नॉइज असताना हा फरक मला कधीच दिसला नसता; दाण्यांच्या नावावर खपून गेला असता.

नवा आकडा घालून दोन्ही चित्रं काकांना ओटीवर बसून दाखवली: भिंती आहेत तशा ठेवल्या तर चार कौलं, सफेदी केली तर दोन. काकूंनी बघता क्षणी सफेदी म्हटलं. पावसाआधी दुसरं कौल बसलं, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि काकांचा फोन आला की दुपारचा पेपर आता ते माजघरातल्या झोपाळ्यावर वाचतात.

आता पावसात काचेवर शेवाळ धरेल. माझ्या ०.९२ मधला किती भाग त्याने खाल्ला हे मोजायला दसऱ्याआधी पुन्हा जाणार आहे. त्याच तीन जागांवर काकांनी खडूने खुणा करून ठेवल्यात.