करोडपती घरी खेळायचा तर: फोन की मोठा पडदा?

गणपतीत पुतण्याने विचारलं, "काका, दिवाळीला सगळे जमणार आहेत. 'कौन बनेगा करोडपती' खेळायचा विचार आहे. टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना फोनवर खेळतात तसं खेळू, की गेम विकत घेऊन टीव्हीला जोडू?" तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं. दोन्ही प्रकार आमच्या घरात बरीच वर्षं खेळून झालेत, म्हणून जरा सावकाश लिहितो. त्याच्यासारखे विचारणारे आणखीही असतील.

फोनचा प्रकार आपल्याकडे २०१७ पासून आहे. समोर टीव्हीवर जो प्रश्न हॉट सीटवरच्या माणसाला येतो, तोच त्याच वेळी आपल्या फोनवर येतो. चारांतला एक पर्याय दाबायचा, गुण मिळवायचे. दुसरा प्रकार खूप जुना. करोडपती ज्यावरून घेतला तो मूळ ब्रिटिश कार्यक्रम, 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर', सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी संगणकावरचे खेळ यायला लागले. अमेरिकेतला १९९९ चा खेळ जेलीव्हिजन कंपनीने केला होता, त्यात तिथले सूत्रसंचालक रेजिस फिलबिन यांचाच आवाज. ब्रिटनमधला २००० साली आयडॉस कंपनीने आणला, त्यात तिथले सूत्रसंचालक ख्रिस टॅरंट. २०२० मध्ये नव्या कन्सोलसाठी आणि संगणकासाठी आणखी एक नवा आला. आमच्याकडे मामाने इंग्लंडहून आणलेली ब्रिटिश सीडी होती, आता नवा आहे.

फोनच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. पैसे लागत नाहीत. प्रश्न आपले असतात. संविधान, रामायण-महाभारत, क्रिकेट, हिंदी सिनेमा, नद्या, राज्यं. विकतच्या खेळात इंग्लंडचे राजे, अमेरिकेतलं बेसबॉल आणि कधी न ऐकलेली टीव्ही मालिका. आमच्या वहिनी फोनवर सहज पुढे असतात, आणि मोठ्या पडद्यावर तिसऱ्या प्रश्नाला मागे सरकतात. यात त्यांच्या हुशारीचा काही संबंध नाही. शिवाय फोनवर प्रश्न रोज ताजे. विकतच्या खेळात ते कधीतरी संपतात. आमच्या थोरल्याला सीडीवरचे काही प्रश्न पर्यायांच्या लांबीवरून ओळखू यायला लागले होते. एवढं सगळं असूनही मी फोनच्या बाजूला गेलो नाही, त्याला एक संध्याकाळ कारणीभूत आहे.

सप्टेंबर २०१९. हॉट सीटवर अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे होत्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. काय घ्यावंसं वाटतं असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल सांगितला होता, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच फोन. त्या १ कोटीच्या प्रश्नापर्यंत पोचल्या तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सहा माणसं बसलेली होती आणि त्यांपैकी पाच जणांच्या हातात फोन. प्रश्न फोनवर आला. खाली सेकंद उलटे पळत होते. आम्ही पाचही जणांनी माना खाली घालून पर्याय दाबले. लवकर दाबलं तर गुण जास्त, हे सगळ्यांना पाठ होतं. मग कुणाला किती मिळाले याची चौकशी सुरू झाली. धाकटा म्हणाला, "माझं बरोबर येणार." बायको म्हणाली, "मी बदलायला हवं होतं."

मान वर केली तेव्हा टीव्हीवर टाळ्या चालू होत्या. आमच्या आईकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे ती एकटीच पडद्याकडे बघत बसली होती. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "अरे, तिचा चेहरा बघितला का तुम्ही? कुणीच नाही बघितला."

खरंच बघितला नव्हता. ताडे बाईंना विचार करायला वेळ होता. पाच सेकंदांत उत्तर द्यायची घाई आम्हाला होती, आणि आम्हाला त्यातून मिळणार काय होतं, तर गुण. नंतर तो भाग पुन्हा लावून पाहिला. पण पहिल्यांदा बघणं ते पहिल्यांदाच.

मग मला वाटायला लागलं, की या कार्यक्रमातले जे क्षण वीस-पंचवीस वर्षं लक्षात राहिले ते सगळे थांबण्याचे आहेत. ऑक्टोबर २००० मध्ये हर्षवर्धन नवाथे शेवटच्या प्रश्नाला आले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधानाने कुणाला दिली आहे, असा तो प्रश्न होता, उत्तर महान्यायवादी. तेव्हा घड्याळ नव्हतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुंबईचा मुलगा, आणि त्याच्यासोबत घराघरांत श्वास रोखून बसलेली माणसं. त्या रात्री आमच्या चाळीत जिन्यावरही टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, इतकी बाकी शांतता होती. त्याच्या वर्षभर आधी, १९ नोव्हेंबर १९९९ ला, अमेरिकेत जॉन कार्पेंटर यांनी तोपर्यंत एकही लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर घ्यायची मदत, वापरली नव्हती. दहा लाख डॉलरच्या प्रश्नाला त्यांनी वडिलांना फोन लावला, आणि मदत नको आहे, मी जिंकतोय एवढं कळवायला फोन केला, असं सांगितलं. सुशील कुमार मोतिहारीहून आले, २०११ मध्ये ५ कोटींवर पोचले. निकोबार बेटांवरचे हक्क इंग्रजांना विकून भारतातून कोण गेलं, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. डेन्मार्क हे उत्तर आजही आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

यातलं काहीही घाईने झालेलं नाही. म्हणून खेळ निवडताना मी एकच बघतो: त्यात थांबता येतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, त्यातून उठता येतं का?

हा उठण्याचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. पहिल्या वर्षीची शिडी आठवा. १,००० पासून १ कोटीपर्यंत पंधरा पायऱ्या, आणि पक्के पडाव दोनच, १०,००० आणि ३,२०,०००. म्हणजे ५० लाख हातात असताना शेवटचं उत्तर चुकलं तर माणूस थेट ३,२०,००० वर येतो. ४६ लाख ८० हजार एका शब्दात जातात. नवाथे जिंकले याचं मोल त्यामुळे आहे. ताडे बाईंनी पुढे ७ कोटींचा प्रश्न बघून खेळ सोडला, त्याचंही मोल तितकंच आहे. हातात काय आहे आणि ते किती पणाला लावायचं, हा खरा खेळ. सामान्यज्ञान त्याच्या खालचं जोतं.

फोनवर हे होत नाही. तिथे उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाचे गुण हुकतात आणि पुढचा प्रश्न येतो. खाली पडायला जागाच नाही, म्हणून उठून जाण्यालाही अर्थ राहत नाही. कुणी म्हणेल, विकतच्या खेळातले पौंड तरी कुठे खरे आहेत? मान्य. पण शिडी तिथे जशीच्या तशी आहे, पडणंही तसंच आहे, आणि "आता थांबतो" म्हणायची सोयही आहे. आम्ही एक भर घातली. ज्याने जितके जिंकले तितके दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याच्या नावापुढे लिहायचे. वर्षभर ते पान टिकतं. ५ लाख पौंडांवर बसून हट्टाने चुकीचं उत्तर दिलेल्या माझ्या भावाच्या नावापुढे अजून ३२,००० लिहिलेले आहेत. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो त्याची कथा सांगतो. फोनवरच्या गुणांची कथा आमच्यापैकी कुणीही कधी सांगितलेली नाही.

आता विकतच्या खेळातला सगळ्यांत मोठा दोष. भाषा. नव्या खेळात इंग्रजी आहे, युरोपातल्या भाषा आहेत, मराठी नाही, हिंदीही नाही. सुरुवातीला मला हा अडथळा इतका मोठा वाटला की खेळ परत करायच्या बेतात होतो. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मग बायकोने प्रश्न मराठीत वाचायला सुरुवात केली. आधी प्रश्न, मग एकेक पर्याय, मध्ये थोडं थांबून. चार दिवसांत ती टीव्हीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायला लागली. "नक्की? विचार करा. हातात किती आहेत माहीत आहे ना?" असं ती मुलांना विचारायची, आणि मुलं खरोखर घाबरायची. रिमोट तिच्याच हातात असल्याने उत्तर लॉक करायचं ते तिनेच. पडद्यावरचा सूत्रसंचालक काय बोलतो तिकडे आता कुणाचंच लक्ष नसतं. खेळ मराठीत असता तर आम्ही सहाही जण गप्प बसून पडद्यावरचं वाचत राहिलो असतो, असं मला वाटतं.

परदेशी प्रश्नांवरही असाच तोडगा निघाला. जो प्रश्न सर्वस्वी तिकडचा वाटेल तो एकदा बदलून घ्यायची मुभा घरच्या नियमात घातली. त्यासाठी नवा डाव सुरू करून तेवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे कंटाळवाणं आहे, लपवत नाही. पण 'फोन अ फ्रेंड' मात्र आम्ही खरोखरचा करतो. खेळात असलेली ती लाइफलाइन वापरायची नाही. नाशिकला आत्याला फोन लावायचा, स्पीकरवर, तीस सेकंद. आत्या निवृत्त शिक्षिका आहे, भूगोलात तिच्यासारखं कुणी नाही. तिचं "अगं, थांब थांब, आठवू दे" यातच वीस सेकंद जातात, आणि त्या वीस सेकंदांत घरात जो जीव टांगणीला लागतो तसा दुसऱ्या कशानेच लागत नाही.

जुना की नवा, यावर फार लिहिण्यासारखं नाही. जुनी सीडी आताच्या संगणकावर चालवणं सोपं राहिलेलं नाही, ज्याला ती खटपट जमते त्याने जरूर करावी. तिच्यात टॅरंट यांचा आवाज आणि काळोखा स्टुडिओ, एवढंच होतं, आणि तेवढं पुरत होतं. संगीत तर कार्यक्रमातलंच. पायरी चढली की ते अर्ध्या सुराने वर जातं, हे मला गाणं शिकणाऱ्या पुतणीने दाखवून दिलं. तोपर्यंत छातीत धडधड का वाढते ते कळत नव्हतं. नव्यात स्पर्धकांची पात्रं आहेत, हावभाव आहेत, मुलांना ते आवडतात. मला त्यांची गरज वाटत नाही. एकत्र खेळण्याचे प्रकार मात्र नव्यात जास्त आहेत आणि मोठ्या घराला त्याचा उपयोग होतो.

फोन कुणी निवडावा? ज्याला खरोखर त्या खुर्चीत जाऊन बसायचं आहे त्याने. कोल्हापूरच्या कविता चावला २०२२ मध्ये १ कोटीपर्यंत पोचल्या, त्या आधी कित्येक वर्षं प्रयत्न करत होत्या. अशी तयारी करणाऱ्याला आपले प्रश्न, आपली भाषा आणि झटपट उत्तर देण्याचा सराव हवा. हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या 'फास्टेस्ट फिंगर'ला सेकंदाच्या भागाने माणूस मागे पडतो, तिथे फोनवरची सवय नक्की कामाला येईल. एकटं राहणाऱ्यालाही फोनच बरा. परगावी शिकणारा माझा भाचा रात्री जेवताना खेळतो, आणि तेवढा वेळ आपण घरच्यांसोबत तोच प्रश्न बघतोय असं त्याला वाटतं. ते मला नाकारता येत नाही.

पण पुतण्याच्या घरी बारा माणसं असणार आहेत. त्यांत माझी आई असेल. गेल्या दिवाळीत ती १,२५,००० पौंडांवर होती. प्रश्न इंग्लंडच्या कुठल्याशा राणीचा. चारांतली दोन नावं फिफ्टी-फिफ्टीने गेली होती. आत्याचा फोन वापरून झाला होता. आईने सुनेला विचारलं, "चुकलं तर किती राहतील?" बायको म्हणाली, "बत्तीस हजार." आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "नको. एवढे पुरेत. मी उठते." आणि खरोखरच खुर्चीवरून उठली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, बायकोने वहीत आकडा लिहिला. दोन्ही उरलेली नावं वाचून बरोबर कुठलं ते बघायचं का, असं धाकट्याने विचारलं, तर आई म्हणाली, "बघू नकोस, राहू दे."

पुतण्याला म्हणून मी गेमच घे असं सांगितलंय. प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मात्र आधी ठरव, आणि ज्याला फोन लावणार त्याला आदल्या दिवशी कळवून ठेव. आमची आत्या साडेनऊला फोन बंद करून झोपते.