पक्षाघाताच्या रुग्णाच्या मानेला झटके देऊन पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीत पक्षाघाताचे रुग्ण शोधत फिरणाऱ्या एका माणसाने माझ्या वडिलांच्या उपचारांच्या नावाखाली आमच्या घरातून बावीस हजार रुपये नेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच; परंतु वडिलांच्या मानेशी त्याने जो खेळ केला तो त्यांच्या जिवावर बेतू शकला असता. तोच माणूस उद्या देवगड, लांजा किंवा गुहागरकडच्या एखाद्या घराची पायरी चढेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकल्यामुळे नानांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. कोल्हापूरला उपचार घेऊन ते घरी आले तेव्हा डावा हात लुळा होता आणि मान सदैव उजवीकडे वळलेली असे. शिकलेला फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी. तिथवर न्यायचे तर घाटीच्या पायऱ्यांवरून नानांना उचलून रस्त्यापर्यंत आणायला दोन माणसे लागत, शिवाय रिक्षाचे भाडे वेगळे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत ही अडचण घरोघरी आहे, आणि असली माणसे नेमकी तिच्यावरच जगतात.

आंब्याचे पैसे हातात येण्याच्या दिवसांत हा गृहस्थ वाडीत आला. कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ आणि खाली ‘लकवा व मणका फिजिओथेरपी तज्ज्ञ’ असे छापलेले होते; नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नव्हता. नानांची वळलेली मान पाहताच तो आईला म्हणाला, “काकी, लकवा मेंदूत नाहीच, मानेतली नस दबली आहे. ती सुटली की हात आपोआप उचलेल.” वळलेली मान आम्हाला रोज डोळ्यांसमोर दिसत होती, त्यामुळे त्याचे बोलणे घरातल्या सगळ्यांना पटण्याजोगे वाटले. निम्मी रक्कम त्याने रोख घेतली आणि उरलेली फोनवरून दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाच्या खात्यात भरायला लावली.

त्याचा ‘व्यायाम’ असा होता. नानांना पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून तो त्यांच्या हनुवटीखालून टॉवेल घेई, डोके वर ताणून धरी आणि एकाएकी डावीकडे हिसका देई. कट् असा आवाज झाला की म्हणे, “ऐकलंत? नस सुटली.” मग लुळा हात मनगटाला धरून जोराने ओढी. सोबत दिलेल्या तेलाच्या बाटलीवर ना उत्पादकाचे नाव होते, ना परवाना क्रमांक. सर्वांत घातक सल्ला म्हणजे, उष्णता वाढते या कारणाखाली त्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. आईने त्या बंद केल्या नाहीत, हे आमचे नशीब.

पुढे नानांना चक्कर येऊ लागली, खांदा दुखू लागला, आणि त्या माणसाचा फोन बंद झाला. तेव्हा तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या. त्यांनी आधी रक्तदाब मोजला, चक्कर येते हे कळताच डॉक्टरांकडे पाठवले, आणि तपासणीनंतरच व्यायाम सुरू केले. मान उजवीकडे वळण्याचे कारण त्यांनी आम्हाला समजावून सांगितले: मेंदूचा उजवा भाग दुखावला की काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, आणि डोके आपोआप उजवीकडे राहते. हिसका देऊन ते सुटत नाही. डाव्या बाजूला बसून बोलायचे, रंगीत फडका डावीकडे हळूहळू सरकवून नानांना स्वतःहून मान वळवायला लावायची, पाठीला आधार देऊन डोके मधोमध धरायला शिकवायचे, हनुवटी किंचित आत घेऊन काही क्षण थांबायचे, आणि दुखले किंवा गरगरले की तिथेच थांबायचे. इतके साधे दिसणारे हे काम चिकाटीने करावे लागते आणि त्यात आवाज कसलाही येत नाही. तो ‘कट्’ सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्यानेही येतो. नस सुटल्याची ती खूण नव्हे.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर जातात. जोराच्या हिसक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी होऊ शकते आणि रुग्णाला पुन्हा पक्षाघात येऊ शकतो. मानेला असा झटका दिल्यानंतर मानेत तीव्र वेदना, चक्कर, उलटी, एकाचे दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असे काही झाले, तर घरी तेल चोळत न बसता थेट रुग्णालय गाठावे. लुळ्या हाताच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे हात ओढल्याने खांदा निखळतो, हेही लक्षात ठेवावे.

घरी येणाऱ्याला महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा. बी.पी.टी. ही फिजिओथेरपीची किमान साडेचार वर्षांची पदवी आहे. ती घेतलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. औषधाने लकवा बरा होतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अशी पत्रके या माणसाने वाडीवाडीत वाटली होती, आणि त्यांतले एक आम्ही तक्रारीसोबत पोलीस ठाण्यात दिले आहे. रोख रकमेची पावती त्याने दिलीच नाही, पण फोनवरून भरलेल्या रकमेची नोंद बँकेत आहे. आपल्याकडूनही कुणी अशाच प्रकारे पैसे घेतले असतील, तर बँकेतील नोंद, तेलाची बाटली आणि कार्ड जपून ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.